जुन्या गाडीत नवा आवाज: फियाट-अ‍ॅम्बॅसेडरचं मूळ रूप न बिघडवता साउंड सिस्टिम बसवण्याची रीत

प्रीमियर पद्मिनी, फियाट ११००, जुनी अ‍ॅम्बॅसेडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड यांत साउंड सिस्टिम बसवताना पुन्हा पुन्हा त्याच चुका होतात. दाराच्या पत्र्याला भोकं पडतात, डॅशबोर्ड नव्या प्लेअरच्या मापाने कापला जातो, मूळ वायर सोलून तिथेच जोड दिला जातो. इतकं करूनही गाडी सुरू झाली की स्पीकरमधून टकटक ऐकू येते आणि पुढच्या रविवारी बॅटरी उतरलेली असते. मूळ कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे कामाचा उलटा क्रम. स्पीकर आधी विकत घेतले जातात, मग त्यांना जागा शोधली जाते आणि गाडीच्या विजेचा विचार सर्वांत शेवटी होतो. इथे क्रम सुलटा धरला आहे.

आधी एक नियम ठरवा

बसवलेली प्रत्येक वस्तू एका दुपारी काढता आली पाहिजे आणि काढल्यावर गाडीवर तिची खूण राहता कामा नये. म्हणजे पत्र्याला नवं भोक नाही, मूळ वायरला काप नाही, मूळ पॅनेलवर करवत नाही. भोक पाडायचंच असेल तर ते नक्कल केलेल्या पॅनेलला पाडा.

नोंदणीच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. २०२१ सालच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्युझिक सिस्टिममुळे कोणी नोंदणी अडवणार नाही. कापलेला पत्रा मात्र पुढे प्रत्येक तपासणीत दिसतो आणि गाडीची किंमतही उतरवतो.

आधीच्या मालकाने दाराला भोकं पाडून ठेवली असतील तर तीच वापरा. त्यांच्याशेजारी दुसरी पाडू नका.

टप्पा १: अर्थ कोणत्या बाजूचा आहे ते पाहा

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय, म्हणजेच ‘अर्थ’ केलंय, ते बॅटरीवरच्या अधिक-उणे खुणांवरून बघा. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, कारण इतक्या वर्षांत केबल कितीतरी वेळा बदललेली असते. फियाट निगेटिव्ह अर्थची असते. जुन्या अ‍ॅम्बॅसेडर आणि काही हेराल्डमध्ये पॉझिटिव्ह अर्थ सापडतो. यातल्या बऱ्याच गाड्या मधल्या काळात उलटवल्या गेल्या आहेत, त्यामुळे मॉडेलवरून अंदाज बांधू नका.

पॉझिटिव्ह अर्थ असेल तर जास्त सांभाळावं लागतं. आजच्या बहुतेक अँप्लिफायरची धातूची पेटी आतून निगेटिव्हला जोडलेली असते. अशी पेटी गाडीच्या पत्र्याला टेकली की थेट शॉर्ट होतो. लाकडी फळीवर बसवली तरी धोका संपत नाही, कारण जुन्या रेडिओला जोडलेल्या ऑडिओ केबलची जाळी किंवा एरियलची वायर तेच काम मागच्या दाराने करते. यावर खात्रीचे दोन मार्ग आहेत. इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून विलग असलेला डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा. नाहीतर अँप्लिफायर संपूर्ण इन्सुलेटेड ठेवा, त्याला फक्त ब्लूटूथने गाणं द्या आणि इतर कोणतीही केबल जोडू नका. केवळ गाण्यांसाठी गाडीचा अर्थ उलटवणं आम्हाला पटत नाही.

सावधान: बॅटरी सोडवताना नेहमी अर्थचं टोक आधी काढा आणि लावताना ते शेवटी लावा. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत आधी निगेटिव्ह, पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आधी पॉझिटिव्ह. उलटं केलं आणि पाना पत्र्याला लागला तर पान्यासकट बॅटरीचं टोक वितळतं.

टप्पा २: चार्जिंग तपासा, मग विजेचा हिशेब मांडा

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. इंजिन मध्यम वेगावर, म्हणजे साधारण २००० आरपीएमला ठेवून पुन्हा मोजा. तेव्हा आकडा १३.५ ते १४.४ च्या दरम्यान हवा. कमी असेल तर आधी डायनामोचे ब्रश, पट्टा आणि कट-आउट (डायनामो आणि बॅटरी यांतला आपोआप चालणारा स्विच) यांचं काम करा. चार्जिंग अशक्त असताना बसवलेली सिस्टिम फक्त बॅटरी खाते.

आता अर्थ पाहा. हेडलाइट लावा आणि मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ टोकावर, दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर धरा. फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थची पट्टी सोडवून दोन्ही टोकं घासून पुन्हा घट्ट करा. नंतर ज्याला ‘अँप्लिफायरचा दोष’ म्हटलं जातं, त्यातलं बरंच काही या एका पट्टीत अडकलेलं असतं.

हिशेबासाठी डायनामोवरची पट्टी वाचा. लुकासचा सी-४०/१ जातीचा डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तोही इंजिन वेगात असताना. सिग्नलला उभ्या गाडीत डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. अल्टर्नेटरवाल्या पद्मिनीत परिस्थिती बरी असते. पावसाळ्यातली रात्र धरून खर्च असा होतो:

- डिपर ४० वॅटचे दोन, पार्किंग, मागचे दिवे, नंबर प्लेट आणि डॅशबोर्ड मिळून सुमारे ११२ वॅट, म्हणजे साधारण साडेआठ अँपिअर
- इग्निशन साडेतीन अँपिअर
- वायपर तीन अँपिअर

एकूण १५ अँपिअर झाले. बावीसमधून सात उरतात आणि त्यातूनच बॅटरीही भरून निघायला हवी. गाण्यांसाठी सरासरी तीन-चार अँपिअर धरणं शहाणपणाचं. हेडलाइटमध्ये १००/९० वॅटचे हॅलोजन टाकलेले असतील तर शिल्लक शून्य होते. अशा वेळी आधी बल्ब बदला.

टप्पा ३: सामान निवडा

वरच्या हिशेबात बसणारा अँप्लिफायर म्हणजे क्लास-डी जातीचा, चार चॅनेलचा, प्रत्येकी २० वॅट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी ताकद) देणारा. पूर्ण जोरात तो सात अँपिअरच्या आसपास ओढेल, पण गाण्यांत सरासरी खर्च त्याच्या एक तृतीयांशाइतकाच येतो. क्लास-एबी जातीचा अँप्लिफायर तेवढ्याच आवाजासाठी बरीच जास्त वीज खातो आणि सीटखाली तापतो.

तपासणी: खोक्यावरच्या वॅटकडे बघू नका, यंत्रावरचा फ्यूज बघा. १० अँपिअरचा फ्यूज असलेलं यंत्र १३ व्होल्टवर १३० वॅटपेक्षा जास्त ओढूच शकत नाही. मग खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही.

बाकीची यादी: २.५ चौरस मिमीची तांब्याची लवचिक वायर लाल आणि काळ्या रंगात, १० अँपिअरचा इनलाइन फ्यूज होल्डरसह, ३० अँपिअरचा चार पिनचा रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा), एक छोटा लपवता येणारा स्विच, स्पीकरसाठी १ चौरस मिमीची जोडवायर, वायरच्या टोकाला बसणारे थिंबल आणि ते दाबायचा क्रिंपिंग प्लायर, पत्र्याच्या भोकात बसणारी रबरी ग्रोमेट आणि वायरी गुंडाळायला बिनगोंदाची पीव्हीसी टेप. साधी चिकट टेप आपल्या उन्हाळ्यात वितळते आणि मूळ वायरिंगवर काळा गोंद सोडते.

टप्पा ४: जुना रेडिओ तसाच ठेवा

डॅशबोर्डमधला मिडियम वेव्ह रेडिओ हा गाडीच्या चेहऱ्याचा भाग आहे. तो जागेवर, त्याच्याच स्पीकरला जोडलेला राहू द्या. नवी सिस्टिम वेगळी आणि नजरेआड. दोन्हीचा एकमेकींशी विजेचा काही संबंध न ठेवणं ही सर्वांत स्वच्छ मांडणी आहे. अँप्लिफायर पुढच्या सीटखाली किंवा डिकीत मागच्या सीटच्या पाठीला, गाणी फोनवरून ब्लूटूथने.

डॅशबोर्डमधल्या एकाच स्पीकरमधून जुना आणि नवा असा दोन्ही आवाज काढण्यासाठी चेंजओव्हर स्विच लावला जातो. त्यात एक खोच आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या आणि ट्रान्सफॉर्मरवाल्या ट्रान्झिस्टर रेडिओला स्पीकर तोडून चालू ठेवलं तर त्याचा आउटपुटचा भाग जळू शकतो. म्हणून स्विच फिरवण्याआधी रेडिओ बंद करायलाच हवा, आणि हे गाडी चालवताना कोणाच्याही लक्षात राहत नाही.

रेडिओच्या आतूनच फोनचं इनपुट द्यायचं असेल तर ते काम रेडिओ दुरुस्तीच्या जाणकाराकडून करून घ्या. व्हॉल्यूम कंट्रोलच्या वरच्या टोकाला, डिटेक्टरकडून येणारी वायर स्विचने तोडून, १ मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरमधून सिग्नल द्यावा लागतो. फोनचे डावे-उजवे चॅनेल थेट एकत्र बांधायचे नाहीत, प्रत्येकात १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मगच जोडायचे. व्हॉल्व्ह रेडिओत २०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकतो. तो घरी उघडू नका.

रेडिओ काही कारणाने बाहेर काढावा लागला, तर आधी डॅशबोर्डच्या रंगाला मास्किंग टेप लावा, कारण शाफ्टचा नट फिरवताना पाना घसरतोच. मागची आधारपट्टी आधी सोडवा, मग नट. उलट केलं तर रेडिओचं सगळं वजन समोरच्या पातळ पट्टीवर येऊन ती वाकते.

टप्पा ५: स्पीकरची जागा

फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडर दोन्हींत उत्तम जागा म्हणजे मागच्या काचेखालची फळी. मूळ फळी काढा, कागदावर आकार उतरवा आणि ९ मिमी प्लायची तशीच नवी फळी कापा. तिच्यावर मूळ रंगाच्या जवळचं रेक्झिन किंवा कापड चढवा. स्पीकर फळीच्या खालून लावा आणि वरून आवाज आरपार जाणारं पातळ कापड ताणा, म्हणजे जाळी दिसणार नाही. मूळ फळी घरी कोरड्या जागी सपाट ठेवा. भिंतीला टेकवून ठेवली तर हार्डबोर्ड पावसाळ्यात वाकतो.

या फळीखाली डिकीची मोठी पोकळी आहे. ती खर्जासाठी उपयोगी पडते, पण स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांपासून वेगळा राहिला तरच. मागच्या सीटच्या पाठीमागे डिकीत जाणाऱ्या फटी जाड फेल्टने बंद करा. एवढं केलं की वेगळ्या सबवूफरची गरज बहुतेकांना वाटत नाही. फटी उघड्या ठेवून मोठा स्पीकर आणला तरी खर्ज येत नाही, आणि हे बाजारात कोणी सांगत नाही.

पुढच्या बाजूला पायांजवळच्या कोपऱ्यांत, डॅशबोर्डखाली, प्लायच्या छोट्या पेट्या करून त्यांत ४ इंची स्पीकर बसवा. पेटी पत्र्याला स्क्रूने न लावता ट्रिमच्या आधीपासून असलेल्या स्क्रूवर पट्टी टाकून अडकवा. बसवण्याआधी पुठ्ठ्याची पेटी करून गाडीत ठेवा आणि क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून पाहा. बूट घालून पाहा, चपलेवर नको.

सावधान: दारात स्पीकर बसवायचे असतील, म्हणजे आधीच भोकं असतील, तर काचेवरून उतरणारं पाणी दाराच्या आतून वाहतं हे लक्षात ठेवा. कागदी कोन एका पावसाळ्यात फुगतो. पॉलिप्रॉपिलीनचा कोन घ्या आणि स्पीकरच्या मागे वरच्या बाजूला पाणी उडवणारी प्लॅस्टिकची टोपी लावा. दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं उघडी आहेत का ते तारेने तपासा. आवाज दाबण्यासाठी डांबरी शीट जमिनीवर चिकटवू नका. तिच्याखाली ओल अडकते आणि मुंबई-कोकणच्या हवेत पत्रा खालून सडतो, वर काहीच दिसत नाही.

टप्पा ६: वीजपुरवठा ओढणं

बॅटरी सोडवा. मग या क्रमाने चला.

१. लाल वायर बॅटरीपासून निघेल. तिच्यावर फ्यूज होल्डर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवा, पण फ्यूज अजून घालू नका. फ्यूज वायरसाठी असतो. तो अँप्लिफायरजवळ लावला तर मधली तीन-चार मीटर वायर उघडी, बिनसंरक्षणाची राहते. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ही फ्यूजवाली वायर निगेटिव्ह टोकावरून निघते.

२. इंजिनकडून आत येताना मूळ वायरिंगचा किंवा स्पीडोमीटरच्या केबलचा रस्ताच वापरा. जुनं रबर कडक झालेलं असेल तर नवीन ग्रोमेट घाला. उघड्या पत्र्याच्या कडेवर घासणारी वायर आज ना उद्या सोलते.

३. आत आल्यावर वायर दाराच्या उंबऱ्यालगत, गालिच्याखालून न्या. सीटची पट्टी जिथे सरकते तिथून नको.

४. अर्थसाठी रंग खरवडू नका. काळी वायरही २.५ चौरस मिमीचीच घेऊन बॉडीच्या मूळ अर्थ बोल्टपर्यंत परत आणा आणि तिथे दातेरी वॉशरसह बसवा. सीटबेल्टचा बोल्ट कधीही वापरू नका.

५. रिलेची मुख्य पिन लाल वायरवर, कॉइलची पिन लपवलेल्या स्विचवरून. स्विच डॅशबोर्डच्या खालच्या कडेला क्लॅम्पने अडकवा.

हा स्विच इग्निशनवरून न घेता वेगळा का? जुन्या गाड्यांत बऱ्याचदा अ‍ॅक्सेसरीची वेगळी जागा किल्लीत नसते. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकायला किल्ली फिरवली आणि नेमके डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीचे संपर्क) एकमेकांना टेकलेले असले, तर इग्निशन कॉइलमधून सतत वीज वाहते. वीस मिनिटांत कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते आणि पॉइंटही जळतात. शिवाय चाळीस-पन्नास वर्षांच्या किल्लीच्या स्विचवर आणखी भार टाकण्यात शहाणपण नाही. फियाटच्या मूळ फ्यूजबॉक्सलाही हात लावू नका. त्यातल्या चिनी मातीच्या फ्यूजच्या पकडी आधीच सैल झालेल्या असतात.

सावधान: वायर न सोलता चिमटून जोडणारे झटपट कनेक्टर वापरू नका. ते मूळ वायरच्या तारा आतून कापतात आणि कापलेली जागा नंतर सापडत नाही.

टप्पा ७: स्पीकर जोडणं

जुन्या गाड्यांत स्पीकरचं एक टोक बॉडीला जोडून काम भागवलेलं असतं. आजच्या अँप्लिफायरची दोन्ही टोकं ‘जिवंत’ असतात. त्यातलं एक बॉडीला लागलं की आउटपुट आयसी (आवाज बाहेर देणारी चिप) जातो. म्हणून जुनी स्पीकर वायर वापरू नका, प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र वायरी न्या. जोडून झाल्यावर, अँप्लिफायरला लावण्याआधी, मल्टिमीटरने प्रत्येक टोक आणि बॉडी यांत तपासा. कुठेही जोड दिसता कामा नये. दोन टोकांत ४ ओहमच्या स्पीकरला साधारण साडेतीन ओहम यायला हवेत.

दिशा तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेलचा अधिक स्पीकरच्या अधिकला क्षणभर लावा, कोन बाहेर यायला हवा. एखादा आत गेला तर त्याच्या वायरी उलट्या आहेत. तशाच ठेवल्या तर दोन्ही बाजूंचा खर्ज एकमेकांना मारतो आणि लोक विनाकारण आणखी मोठे स्पीकर आणतात.

टप्पा ८: टकटक आणि शिट्टी घालवणं

आता फ्यूज घाला, इंजिन बंद ठेवून गाणं लावा. आवाज स्वच्छ असेल तरच इंजिन सुरू करा.

वेगाबरोबर वाढणारी टकटक इग्निशनची असते. रेझिस्टरवाले प्लग किंवा ५ किलोओहमचे सप्रेसर कॅप लावा. मग १ ते ३ मायक्रोफॅरॅडचा सप्रेशन कंडेन्सर (खरखर दाबणारा कपॅसिटर) कॉइलच्या त्या टोकाला जोडा जिथे किल्लीच्या स्विचकडून वायर येते. त्याची पेटी कॉइलच्या पट्टीखाली घट्ट बसवा. डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला तो जोडला तर ठिणगीच बिघडते आणि गाडी अडखळते.

वेगाबरोबर चढणारी कुंईऽऽ अशी शिट्टी डायनामोची किंवा अल्टर्नेटरची. डायनामोच्या मुख्य टोकाला साधारण १ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर लावा. फियाटवर हे टोक ५१ आकड्याचं, लुकासवर ‘डी’ अक्षराचं. फियाटचं ६७ आणि लुकासचं ‘एफ’ ही फील्डची टोकं आहेत. तिथे कंडेन्सर लावला तर व्होल्टेज रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. शिट्टी तरीही राहिली तर अर्थ दोन ठिकाणी झाला आहे का ते शोधा. बहुधा अँप्लिफायरची पेटी कुठेतरी पत्र्याला टेकलेली सापडते.

जुना रेडिओही याच वेळी सुधारून घ्या. एरियलच्या पायथ्याचा गंज घासून काढा, रेडिओवरचा एरियल ट्रिमर (एरियल जुळवायचा छोटा स्क्रू) १४०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या एखाद्या क्षीण स्टेशनवर लावून आवाज सर्वाधिक होईल तिथे ठेवा. बॉनेट आणि बॉडी यांत विणलेली तांब्याची पट्टी टाकली तर मिडियम वेव्हवरची खरखर बरीच उतरते.

टप्पा ९: जुळवणी आणि शेवटच्या चाचण्या

अँप्लिफायरचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) शून्यावर ठेवा. फोनचा आवाज तीन चतुर्थांश करा. ओळखीचं, गायकाचा आवाज ठळक असलेलं गाणं लावून गेन हळूहळू वाढवा आणि आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. नंतर त्याला हात लावू नका. पुढच्या ४ इंची स्पीकरना १२० हर्ट्झच्या वरचंच द्या, मागच्यांना ६० ते ८० पासून.

मग हेडलाइट, वायपर आणि गाणी एकत्र चालू ठेवून २००० आरपीएमला बॅटरी मोजा. १३ च्या खाली गेली तर आवाज किंवा बल्ब, काहीतरी कमी करावंच लागेल. अर्ध्या तासाने लाल वायर, फ्यूज होल्डर आणि रिले यांना हात लावून पाहा. कोमट चालेल, गरम झालेला जोड पुन्हा दाबून करा.

सगळं बंद करून बॅटरीच्या अर्थ टोकात मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावा. मल्टिमीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, त्याचा फ्यूज उडेल. काट्यांचं घड्याळ नसलेल्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. ब्लूटूथचं यंत्र झोपेतही ५० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. पंधरवडाभर उभ्या गाडीत १८ अँपिअर-तास, म्हणजे ४० अँपिअर-तासांची बॅटरी जवळपास अर्धी रिकामी. असं दिसलं तर ब्लूटूथची वायर रिलेच्या पुढे घ्या, म्हणजे लपवलेला स्विच बंद केला की तीही बंद होईल.

वायरिंगचा साधा नकाशा काढून, फ्यूजची जागा आणि आकडा लिहून, तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. काढलेले मूळ स्क्रू आणि क्लिपा चिठ्ठी लावलेल्या पिशवीत मूळ फळीसोबत.